बाबा कपाटात राहत नाहीत

११ जानेवारी

शाळेत असताना रोज सकाळी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घालायचे. निवृत्त झाल्यापासून तारीख घालायला जागाच उरली नाही, म्हणून ही वही. दुसरा काही उद्देश नाही.

आज दादाच्या घरी राहायला आले. दोन बॅगा आणि माझी उशी. (दुसऱ्याच्या उशीवर माझी मान धरते.) दादाला जाऊन अजून महिनाही झाला नाही. इतके दिवस शेजारच्या काकूंनी ठकूकडे पाहिलं, पण त्यांचेच गुडघे धरलेत, त्या कुठवर पुरणार? वहिनी तर ठकू लहान असतानाच गेली. राहिले मी. दादाची धाकटी बहीण, लग्न नाही, संसार नाही. "तुम्ही काय बाई, मोकळ्याच," असं अंत्यविधीच्या दिवशी एकीने म्हटलंसुद्धा. मोकळी! जशी काही मी टॅक्सीच.

ठकू चोवीस वर्षांची आहे. जन्मली तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिची वाढ सावकाश होईल, काही बाबतीत होणारही नाही. लाकडी ठकीसारखा गोल चेहरा, बारीक डोळे, म्हणून दादानेच हिला ठकू म्हणायला सुरुवात केली. आता माझ्या खांद्याला लागते. बोलते तुटक, पण जे बोलते ते स्वच्छ.

मी आले तेव्हा दार तिनेच उघडलं. बॅगांकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं.

"राहणार?"

"हो गं. आता मी आहे ना तुला."

तिने मान हलवली. आनंद झाला की नाही, ते काही कळलं नाही.

१३ जानेवारी

दादाने पोरीला काय काय करू दिलंय! गॅस स्वतः पेटवते. चहा करते आणि उकळता चहा स्वतःच गाळते. बिस्किटांच्या डब्यात तिची कात्री, सुया, बटणं. ही धारदार कात्री! आणि कार्यशाळेत एकटी बसने जाते. कार्यशाळा म्हणजे तिच्यासारख्या मुलामुलींची जागा, तिथे कागदी पिशव्या, मेणबत्त्या करायला शिकवतात. दादा जन्मभर शहराची बस चालवत होता, त्यामुळे बस म्हणजे त्याला अंगणच वाटायचं. म्हणून पोरीलाही सोडली वाऱ्यावर.

आजपासून गॅस मी पेटवणार. कार्यशाळेत मी सोडायला जाणार, मीच आणायला. केसही मीच विंचरले, भांग कसा नागमोडी पाडते ती. ठकू एक शब्द बोलली नाही. गुणी आहे. शिस्त लागली तर खूप सुधारेल.

खिडकीत दोरी बांधून तिने मोज्यांच्या बाहुल्या टांगल्यात, कपड्यांच्या चिमट्यांनी. जुने मोजे, त्यांना बटणांचे डोळे, लोकरीचे केस. हातात घालून बोलायला लावते. तारेचा चष्मा लावलेल्या काकू मला लगेच ओळखू आल्या. दूधवाला आहे, दवाखान्यातले डॉक्टर आहेत. निळा मोजा म्हणजे ती स्वतः. खरं सांगायचं तर हात चांगला आहे तिचा. पण चोविसाव्या वर्षी बाहुल्या?

१९ जानेवारी

हे कुणाला बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

दादा सकाळी गेला. खिडकीजवळच्या खुर्चीत. दुपारी काकू डबा परत द्यायला आल्या तेव्हा ठकू त्याच्या पायाशी जमिनीवर बसलेली, त्याचा हात हातात धरून. फोन शेजारच्या टेबलावर होता. हिला फोन करता येतो! मला करायची की, "आत्या, जेवलीस?" एवढंच विचारायला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं असतं तर कदाचित. 'कदाचित' हा शब्द त्यांनी कशाला उच्चारला?

सगळे म्हणतात, तिला वाटलं असेल बाबा झोपलेत. तिला कळत नाही त्याला ती काय करणार. मीही तेच म्हणते. पण तिच्या ताटात वाढताना कधी कधी माझा हात थांबतो. मग मला माझीच लाज वाटते आणि मी एक पळी जास्त वाढते.

२ फेब्रुवारी

हे लिहून टाकते, म्हणजे झोप लागेल.

दुपारी जरा आडवी झाले होते. डोळा लागला असेल नसेल, तोच आतल्या खोलीतून दादाचा आवाज आला. दादाचा! तोच घोगरा, वाक्याआधी घसा खाकरायची तीच सवय. "अं-हं. चला ठकूबाई, गाडी सुटली." मी उठून बसले. क्षणभर सगळं विसरून मी "आले" असं म्हणालेसुद्धा.

आत जाऊन पाहते तर ठकू पलंगावर, हातात राखाडी मोजा. दादाचाच मोजा, बसवर जाताना घालायचा तो. काळ्या लोकरीची मिशी, दोन डोळे दोन तऱ्हेच्या बटणांचे. दुसऱ्या हातात निळी ठकू. राखाडी मोजा खाकरला आणि पुढे काही बोलणार, तेवढ्यात मी तो तिच्या हातातून ओढून घेतला.

"हे असलं पुन्हा करायचं नाही. समजलं? बाबा गेले. गेलेल्या माणसाची नक्कल करत नाहीत."

"नक्कल नाही," ती म्हणाली. "आत्या, ऐक ना."

"काही ऐकायचं नाही मला."

मोजा माझ्या कपाटात ठेवला, किल्ली पर्समध्ये. मग न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ नळ सोडून उभी होते.

२० फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही घडलं नाही, ही चांगलीच गोष्ट. ठकू आता मी सांगेन ते ऐकते. बस म्हटलं की बसते. बाहुल्यांचा नाद सुटत चाललाय, कात्रीचा डबा उघडलाही नाही. हळूहळू विसरेल सगळं. जेवण कमी झालंय, पण ती जरा जाडच होती.

कार्यशाळेच्या ताईंचा फोन आला. तिथल्या मुख्य. म्हणाल्या, "ठकू हल्ली काम पुढ्यात घेऊन नुसती बसते हो. एप्रिलमध्ये आपल्याकडे पालकांसाठी कार्यक्रम आहे. बाहुल्यांचा खेळ ती एकटीच करणार होती, स्वतःच गोष्ट रचून. आता विचारलं तर नाही म्हणते."

"दुःखातून बाहेर यायला वेळ लागायचाच," मी म्हटलं.

"तेच म्हणतेय मी," ताई म्हणाल्या. "तुम्ही तिला बाहेर येऊ देताय ना?"

कुठून बाहेर, ते काही मी विचारलं नाही. या बाईंच्या बोलण्याला नेहमी एक टोक असतं.

५ मार्च

सकाळपासून माझा एक तपकिरी हातमोजा सापडत नव्हता. संध्याकाळी सापडला. ठकूच्या हातात होता, पांढऱ्या लोकरीचा अंबाडा आणि दोन काळे मणी लावून. मी दाराआड थांबले.

हातमोजा बोलत होता, माझ्या आवाजात. मला माझा आवाज इतका पातळ आहे हे माहीत नव्हतं. "नको. मी करते. तू बस. हात धुतलेस? नको, सांडशील. मी करते." एवढंच, पुन्हा पुन्हा. मग हातमोजा उशीमागे गेला. ठकूने तोंडाने पाण्याचा आवाज काढला, नळ सोडल्यासारखा, आणि त्या आवाजात दुसरा एक आवाज. नाकातून येणारा, दाबलेला. निळी ठकू उशीपाशी येऊन म्हणाली, "आत्या, मी बाहेर आहे." हातमोजा आतून म्हणाला, "काही नाही गं. साबण गेला डोळ्यात."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ही दाराशी कान लावून उभी असते! माझ्याच हातचं जेवून माझीच थट्टा! मी आत गेले, हातमोजा घेतला आणि तिच्यासमोर बसून अंबाडा उसवला. मणी तोडले. ती बघत होती. रडली नाही. मणी पलंगाखाली गेले तेव्हा वाकून तेवढे गोळा केले आणि डब्यात ठेवले.

ठकूसारख्यांसाठीच्या एका निवासी संस्थेत मी जानेवारीतच तिचं नाव घालून ठेवलंय. हे इथेही लिहिलं नव्हतं. उद्या तिथे फोन करणार. माझंही वय झालं. माझ्यामागे हिचं काय, हा विचार करायलाच हवा.

१४ मार्च

संस्थेत जाऊन आलो. जागा रिकामी झाली आहे. आठवडाभरात कळवायचं.

स्वच्छ आहे, खोटं बोलवत नाही. फरशीत तोंड दिसावं इतकी स्वच्छ. लांब खोली, ओळीने पलंग, सगळ्यांवर एकाच रंगाच्या चादरी. व्यवस्थापक बाई हसतमुख. ठकूने तिचा बिस्किटांचा डबा बरोबर आणला होता, कशाला ते मला समजलं नाही. बाईंनी तो उघडून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. "कात्री, सुई चालत नाही आमच्याकडे. सुरक्षेचा प्रश्न असतो."

ठकू म्हणाली, "मग कापायचं कसं?"

"कापायचं नाही बाळा. आपल्याकडे छान चित्रांची पुस्तकं आहेत. रंग भरायचा नुसता." एक पुस्तक तिच्या हातात दिलं. छापलेली फुलं, छापलेली पाखरं, छापलेलं घर. ठकूने पानं उलटून पाहिली. सगळी. मग पुस्तक मिटून परत दिलं.

"यात सगळं झालंय," ती म्हणाली.

बाई हसल्या. मीही हसले, आणि मग हसू तोंडावरच राहिलं, कारण पलीकडच्या टेबलावर एक पन्नाशीचा माणूस तसल्याच पुस्तकातल्या पाखराला निळा रंग देत होता. खाली तसल्याच पुस्तकांची चळत होती. त्याने मान वर करून पाहिलंही नाही.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "कशी वाटली जागा?"

"स्वच्छ."

मग बऱ्याच वेळाने, "आत्या, ते सकाळी कुठे जातात?"

"कोण?"

"ते सगळे. सकाळी."

मी भूगोल शिकवला. कोण कुठून कुठे जातं, नद्या, वारे, माणसं, हेच शिकवलं जन्मभर. मी तिकिटाच्या घड्या घालत बसले.

१५ मार्च

सकाळी मी चहा ठेवत होते. ठकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. केस स्वतः विंचरलेले, भांग नागमोडी. हात पुढे केला, तळवा वर.

"आत्या, बाबा दे."

"कुठले बाबा?"

"कपाटातले."

"ठकू, मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलंस. मी ऐकलं. खूप दिवस ऐकलं." तिचा हात तसाच. "बाबा कपाटात राहत नाहीत. तिथे अंधार आहे. दे."

आवाज चढवला नाही, हट्टाने पायही आपटला नाही. घरमालकाने भाडेकरूकडे किल्ली मागावी तशी उभी होती. आणि एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. हे घर तिचंच आहे. दादाने कागदोपत्री तसं केलंय, मला ठाऊक होतं. पण ते मला आज कळलं.

मी कपाट उघडलं. राखाडी मोजा दिला. तिने तो हातात घातला नाही, गालाला लावला. मग माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी तपकिरी हातमोजाही काढला आणि तिला दिला.

"हा तुझा," ती म्हणाली.

"असू दे. मला काही थंडी वाजत नाही."

चहा उतू गेला होता. तिने गॅस बंद केला, शेगडी पुसली, नवा चहा ठेवला. मी खुर्चीत बसून होते. संस्थेला नंतर फोन करून 'नाही' असं कळवलं. चूक केली की काय देव जाणे. मी अशी पटकन निर्णय घेणारी बाई नाही.

२८ मार्च

कात्री दिवसभर चालते. घरभर चिंध्या. चपलांच्या खोक्याची बस झाली, तिला बटणांची चाकं, आणि ती खरंच फिरतात. मी मदत करू का विचारलं. "नको," म्हणाली. मग माझं तोंड पाहून म्हणाली, "सुईत दोरा ओव." मी चष्मा लावून बसते आणि दोरा ओवून देते. तिला स्वतःला ओवता येतो, मी पाहिलंय.

आजपासून ती बसने एकटी जाऊ लागली. मी गॅलरीत उभी होते, जीव टांगणीला. पोहोचल्यावर ताईंचा फोन आला, "आल्या हो तुमच्या बाई, वेळेवर." मी म्हटलं, "मला काळजी नव्हतीच."

गोष्ट काय आहे ते सांगत नाही. "बघ," एवढंच.

१२ एप्रिल

खेळ झाला. जसा झाला तसा लिहिते, नाहीतर उद्या मी त्यात माझं काहीतरी घालेन.

कार्यशाळेची मोठी खोली. चाळीसेक माणसं, बरीचशी आईबाप. टेबल आडवं करून त्यावर चादर टाकलेली. ठकू मागे बसलेली, दिसत नव्हती. सुरुवातीला बस आली. राखाडी बाबा चालवत होते, खाकरत, "पुढे सरका, आत जागा आहे." काकू चढल्या, दूधवाला चढला, दूध सांडलं. लहान मुलं खदखदून हसली. काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या. "मी एवढी वाकडी चालते होय गं?" असं म्हणून तोंडावर हात धरून हसत होत्या.

मग घर. छोटी खुर्ची. बाबा खुर्चीत बसले. छातीवर हात ठेवला.

"बाबा, दुखतंय?" निळी ठकू.

"अं-हं. जरा."

"काकूंना बोलावू?"

"नको."

"आत्याला फोन?"

"नको. ती घाबरेल."

"डॉक्टर? बाबा, डॉक्टर?"

"नको गं. दवाखाना नको. तुझी आई तिथेच गेली, नळ्या लावून. मला इथेच बसू दे. बस माझ्याजवळ. हात दे."

निळ्या ठकूने हात दिला. बाबा काही बोलले, पण इतकं हळू, की ते फक्त निळ्या ठकूसाठी होतं. मग मान कलली. किती साधी कलली! मनगट जरासं सैल सोडलं तिने, बस्स. मोज्यातला माणूस गेला.

निळी ठकू म्हणाली, "बाबा?" मग म्हणाली, "गेले." आणि तिथेच बसली. उठली नाही. "एकटे कसे ठेवू," असं स्वतःशी म्हणाली आणि बसून राहिली. पुढे एक बाई आपल्या मुलाला घेऊन बाहेर गेली. मागे कुणीतरी पुटपुटलं, असले विषय कशाला यांच्यासमोर. ठकूला ऐकू गेलं असेल. पण ती थांबली नाही.

शेवटी दारातून तपकिरी आत्या आली. अंबाडा पुन्हा शिवलेला, तेच मणी. मला वाटलं, आता हातमोजा बोलेल, मी करते मी करते, आणि लोक हसतील. तो काहीच बोलला नाही. निळ्या ठकूच्या शेजारी जाऊन बसला, डोकं तिच्या डोक्याला टेकवून.

दादा गेला त्या दिवशी मी अशी बसले नव्हते. मी आले ती सरळ टेबलाकडे गेले होते, फोन उचलला आणि सर्वांसमोर विचारलं होतं, "हा चालू होता ना?"

ठकू टेबलामागून उभी राहिली. घामाने केस चिकटलेले. "संपलं," म्हणाली.

टाळ्या वाजल्या तेव्हा ती त्यांच्याकडे न बघता बाहुल्या गोळा करत होती.

१३ एप्रिल

सकाळी तिने चहा केला. मी गाळू दिला. दोघी समोरासमोर बसलो.

"ते सगळं तसंच झालं होतं?"

"हो."

"बाबांनी खरंच नको म्हटलं?"

"आत्या, मी खोटं करत नाही. दूध सांडलं ते खोटं. ते हसायला."

"तुला कळलं होतं? ते गेले ते?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत एखाद्या हुशार मुलीने फळ्यावरची माझी चूक दाखवताना पाहावं. "हात गार झाला. तेव्हा कळलं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली. खूप."

"मग मला आधी का नाही सांगितलंस गं?"

"सांगत होते. तू कपाटात ठेवलंस."

मी कप खाली ठेवला. तिने माझ्या बशीत बिस्कीट ठेवलं.

आज दिवसभर दादाशी मनातल्या मनात भांडतेय. अरे, तू हे तिच्यावर का टाकलंस? मला एक फोन केला असतास तर? पण मग मी काय केलं असतं ते मलाही माहीत आहे आणि दादालाही होतं. गाडी, दवाखाना, नळ्या. त्याने जिला विचारलं ती त्याचं ऐकेल हे त्याला ठाऊक होतं. बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही. कदाचित ते ठरवणं माझ्याकडे नाहीच. ठकूने बाबांचं ऐकलं आणि चार महिने सगळ्यांचं ऐकून घेतलं, "तिला काय कळतं."

न्हाणीघरात गेले नाही. स्वयंपाकघरातच रडले, तिच्यासमोर. ती उठून आली, शेजारी उभी राहिली.

२ मे

ताई, काकू, ठकू आणि मी अशी बैठक झाली. विषय, ठकूने पुढे कसं राहायचं. मी मुद्दे काढून नेले होते. ते वाचायची वेळच आली नाही, कारण ताईंनी सरळ ठकूलाच विचारलं.

"इथे राहणार," ती म्हणाली. "माझ्या घरात."

ठरलं ते असं. कार्यशाळेतल्या मदतनीस बाई रात्री सोबतीला येऊन झोपतील, त्यांनाही राहायला जागा हवीच आहे. काकू शेजारी आहेत. गॅसला नवं बटण बसवायचं, आपोआप बंद होणारं. बाहुल्या ताई दुसऱ्या शाळांमध्ये घेऊन जाणार आहेत, ठकूसकट. दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. एका ठिकाणी म्हणे फक्त बसचा भाग हवा, शेवट नको. ठकूने त्यांना नाही सांगितलं.

मी म्हटलं, "मग मी जाऊ म्हणतेस?"

"तुझं घर आहे ना?"

"आहे गं. पण मी इथे असले तर काय बिघडतं?"

तिने विचार केला. तिला खोटं सुचत नाही, म्हणून वेळ लागतो. "तू असलीस की मी बसते," ती म्हणाली. "बस म्हणतेस, मी बसते. मग मला उठता येत नाही."

मला लागलं ते. कबूल करते. काकूंनी विषय बदलायला चहा ठेवायला सांगितलं आणि आम्ही दोघी एकदम उठलो, ठकू आणि मी. मग मी खाली बसले.

९ मे

माझ्या घरी परत आले. दोन बॅगा, उशी. झाडांना शेजाऱ्यांनी पाणी घातलं होतं, तरी दोन वाळली. घर स्वच्छ केलं. संध्याकाळपर्यंत सगळं आटपलं. आता काय करायचं ते कळेना, म्हणून पुन्हा एकदा स्वच्छ केलं.

मला एकटीची सवय आहे. चिंता तिची वाटते.

२४ मे

आज ठकू माझ्याकडे आली. एकटी. बस बदलून यावं लागतं. मी थांब्यावर येते म्हटलं तर फोनवर म्हणाली, "नको. वर थांब. मी बेल वाजवते. पाहुणे तसंच करतात."

बेल वाजली. हातात केळी आणि पाव. नवा फिकट पिवळा ड्रेस, मदतनीस बाईंनी आणि तिने मिळून घेतलेला. मी तिला पाणी दिलं. ती खुर्चीच्या टोकावर बसून प्यायली, अगदी पाहुण्यासारखी. मग सगळं घर पाहिलं. पुस्तकं, नकाशे, बंद खोली.

"तिथे कोण राहतं?"

"कोणी नाही. सामान आहे."

"तुझ्याशी कोण बोलतं?"

"रेडिओ आहे की."

ती हसली. "रेडिओ ऐकत नाही, आत्या."

जेवलो. तिने ताटं धुतली, मी पुसली. एक बशी तिच्या हातून फुटली. 'मी करते' हे दोन शब्द माझ्या तोंडात आले होते, पण मी ओठ मिटून घेतले. तिने सुपली कुठे आहे विचारलं, तुकडे गोळा केले, कागदात गुंडाळले. मग पुसायचं राहिलेलं ताट माझ्या हातून घेऊन ठेवलं आणि म्हणाली, "संध्याकाळी फोन करत जा. सकाळी नको, सकाळी मी कामावर असते. संध्याकाळी मी असते."

"मला कशाला लागतोय फोन?"

"लागला तर."

निघताना चप्पल घालून वळली आणि माझ्या गालाला गाल लावला. मग जिना उतरून गेली. मी गॅलरीत येऊन उभी राहिले. थांब्यावर ती ताठ उभी होती, पिशवी छातीशी. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला काहीतरी विचारलं, तिने हात लांब करून रस्ता दाखवला. बस आली. तिने त्यांना आधी चढू दिलं, मग स्वतः चढली.

मी हात हलवला. खिडक्यांमधून तिचा पिवळा ड्रेस पुढे सरकताना दिसत होता. तिने वर पाहिलं नाही. ती बसायला जागा शोधत होती.